प्रार्थनेच्या वेळी दार उघडायचं नाही

मी, खाली सही करणारी, सुताराची विधवा, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी मला धाक दाखवलेला नाही आणि दाखवायची कोणाची छातीही नाही. पोटात गाठ आहे, उद्या कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, म्हणजे घाबरण्यासारखं आहे. माझी शाळा चौथीत सुटली. ‘स्थावर’, ‘जंगम’ हे शब्द वकिलांचे, बाकी सगळं माझं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी चुलीत घातलं आहे, शोधत बसू नये.

१. जंगम. नवऱ्याची हत्यारं, म्हणजे रंधे, पटाशा, करवती, मुलाला. तो कचेरीत बसतो, त्याला खिळा ठोकता येत नाही, विकून टाकील. विकू दे. शिवणयंत्र सुनेला. नवरा शवपेट्या करायचा आणि मी या यंत्रावर त्यांची आतली अस्तरं शिवायची. सुनेने पोरांचे कपडे शिवावेत. मोठी कात्री शेजारणीला. तिने न्यायला यायची गरज नाही, ‘आत्ता आणून देते’ म्हणून कधीचीच नेली आहे. बँकेत आहे त्यातून मला पुरावं, उरेल ते मुलाचं.

२. चर्चमधला पहिला बाक नवऱ्याने स्वतः करून दिला आणि मरेपर्यंत त्यावर दुसऱ्याला टेकू दिलं नाही. तो बाक आमच्या बापाचा नाही. आधी येईल तो बसेल.

३. स्थावर, म्हणजे राहतं घर. हे कलम लांब आहे, घाई असेल त्याने उभ्या उभ्या वाचू नये.

आमच्या घरात नवऱ्याचा एक नियम होता. संध्याकाळची प्रार्थना चालू असताना दार उघडायचं नाही, मग कोणीही येवो. नवरा कधी खोटं बोलला नाही, थेंबभर प्यायला नाही. त्याचा धाकटा भाऊ, माझा दीर, दोन्ही करायचा. बायको गेल्यावर तर त्याने ताळतंत्रच सोडलं. एका थंडीत आमची प्रार्थना चालू असताना दारावर थाप पडली. कोण आहे ते आम्हा दोघांनाही कळलं. नवऱ्याने प्रार्थना आवरती घेतली नाही, वाढवली. प्रभू, तू मला माझ्या भावासारखा केला नाहीस म्हणून तुझे उपकार, असं तो दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणत राहिला. थाप पडत राहिली. मग थांबली. आम्ही दार उघडलं तेव्हा दीर पायरीवर भिंतीला टेकून बसला होता, आणि गेलेला होता.

नवऱ्याने त्याची पेटी केली. चांगल्या लाकडाची, बरोबर मापाची, फुकट. फुकट केली हे चर्चच्या सगळ्या मंडळीला माहीत आहे, कारण त्यानेच सांगितलं. दिराची पोर दारूच्या गुत्तेवाल्याने घरी नेली आणि वाढवली. ख्रिस्ती पोर गुत्त्यात वाढते हे शोभत नाही, अशी मंडळीत चर्चा झाली. चर्चा झाली, पोर कोणी आणली नाही. आम्हीही नाही.

तेव्हापासून थाप पडते. प्रार्थनेला मान खाली घातली की पडते. नवऱ्याला ऐकू यायची, पण कबूल करायचा नाही, नुसता आवाज चढवायचा. शेवटी शेवटी त्याची प्रार्थना इतकी लांबायची की ताटातलं गार व्हायचं. तो गेल्यावर थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही. मी उठून दार उघडते, पायरी रिकामी. एकदा मी स्वतःच पायरीवर जाऊन उभी राहिले आणि दार ओढून घेतलं. आतून नवऱ्याचा आवाज आला, शब्द न् शब्द. बाहेर किती स्पष्ट ऐकू जातं ते मला तेव्हा कळलं.

चर्चचे पाळक दरवर्षी बायबलातली ती गोष्ट सांगतात, दोघे प्रार्थनेला गेले त्याची. एक आपले गुण मोजत उभा, दुसरा लांब, मान खाली घालून, आणि देवाला पसंत पडला तो दुसरा. मी मान डोलवायची. मनात म्हणायची, पहिला तो आमचा. मी नाही.

गाठीचं कळल्यावर मी पहिलं मृत्युपत्र केलं. त्यात ‘पतीच्या पापाची भरपाई म्हणून’ सगळं घर पुतणीला लिहिलं आणि सांगायला तिच्याकडे गेले. ती इस्त्रीचं दुकान चालवते. हातातली इस्त्री न थांबवता तिने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रडेल.

ती म्हणाली, “काकू, ठोठावत मी होते. बाबांचे हात चालत नव्हते.”

मी हातातल्या मृत्युपत्राची घडी घातली.

“काकांचं ऐकू येतच होतं,” ती म्हणाली. “ते श्वास घ्यायला थांबले की तुम्ही आमेन म्हणायचात. दर वेळी. मग मी गुत्तेवाल्या मामांना बोलवायला पळाले.” तिने शर्ट उलटा केला. “घर द्यायचं तर द्या. पण माझ्या नावावर करून तुम्ही स्वच्छ होऊन जाऊ नका.”

इतकी वर्षं मी मेलेल्या माणसाला भीत होते. ठोठावणारी जिवंत होती, दोन गल्ल्या पलीकडे, आणि तिच्या दुकानावरून मी बाजाराला जात होते.

थाप अजून पडते. पण आता कळतं, ती दाराच्या खालच्या फळीवर पडते, लहान पोरीचा हात पोचेल तेवढ्यावर. आधीही तिथेच पडत असणार. मी नीट ऐकलं नव्हतं.

तर घराचं असं. घर सासऱ्यांचं होतं, दोघा भावांचं. निम्मं दिराचं, म्हणजे पुतणीचं. ते मी देत नाही, ते तिचंच आहे, आम्ही दाबून बसलो होतो. पुढची खोली दार-पायरीसकट तिची. मागची खोली मुलाची. स्वयंपाकघर दोघांचं. मागे दार नाही, तेव्हा मुलाने तिच्या खोलीतून ये-जा करावी. तिने राहायला यावं की नाही ते तिचं ती बघेल. मी विचारलं तेव्हा तिने पुढचा शर्ट घेतला.

या घरात कोणी कशी प्रार्थना करावी याची एक अट मी घातली होती. वकिलांना ती खोडायला लावली, कारण वाचताना मला फार बरं वाटत होतं.

४. मला जागा असेल तिथे पुरावं. दिराशेजारी पुरा असं लिहिणार होते, पण तेही मिरवणंच झालं.

हे सगळं मुलाला वाचायला दिलं. तो म्हणाला, “आई, तिच्याबरोबर एका घरात? गुत्त्यात वाढलेली ती. आपण प्रार्थना करणारी माणसं.” आवाज हुबेहूब बापाचा. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं धारदार. आधी मनात म्हणून पाहिलं, तर तोही तोच आवाज होता. म्हणून मी त्याच्याकडे फक्त पेन मागितलं.

सही: सुताराची विधवा, स्वतःच्या हाताने
ठिकाण: याच घराचं स्वयंपाकघर
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तीच, रविवार, उपासना सुटल्यावर

आम्हा दोघांसमोर तिने सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही:
साक्षीदार पहिला: गुत्तेवाला (सही)
साक्षीदार दुसरा: पाळक (सही. वर जागा उरली नव्हती, त्यांनी खाली केली.)