कापून ठेवलेली चार मिनिटं

मी, थिएटरातली बॅटरीवाली, वय अठ्ठ्याहत्तर की ऐंशी (लिहून ठेवणारं घरात कुणी नव्हतं), पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नसताना, हे मृत्युपत्र तोंडी सांगत आहे. लिहिणारी माझी नात. तिने मध्ये स्वतःचं शहाणपण घातल्याचं आढळल्यास तेवढं रद्द समजावं.

घाईचं कारण, येत्या रविवारी आमच्या थिएटरात तो जुना विनोदी सिनेमा पुन्हा लागतोय. गोदामात रिळं सापडली म्हणे. परवा कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. या वयात माणूस आनंदानेही जातं, म्हणून हे आधी.

१. राहती खोली मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. खिडकी एकच आहे, तिच्यावरून भांडू नये.

२. माझी बॅटरी नातीला. तिच्या उजेडात मी तीस वर्षं लोकांना खुर्च्या दाखवल्या आणि पडद्याकडे पाठ करून सिनेमे पाहिले. म्हणजे लोकांची तोंडं पाहिली.

३. मॅनेजरला माफी नाही. तो वारला असला तरी हे कलम लागू राहील.

४. पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात फिल्मची गुंडाळी आहे. मुलगा म्हणतो, "आई, एखाद्या शौकिनाला विकून टाकू. हसायच्या सिनेमात रडारड कोण बघणार?" विकू नये.

त्या सिनेमात एक वेंधळा पोस्टमन आहे. त्याला बघून लोक पोट धरधरून हसतात. मग तो एका म्हातारीला पत्र वाचून दाखवतो. पत्रात तिचा मुलगा गेल्याचं लिहिलंय. हा वाचतो, मी मजेत आहे, तब्येतीला जप. पहिल्या खेळाला सगळं थिएटर चिडीचूप. वर केबिनमध्ये आमचे हे, ऑपरेटर. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. ह्यांना तो दिसलाच नाही. पडदा पांढरा, लोकांच्या शिट्ट्या, आणि मॅनेजर सगळ्यांदेखत नोकरीवरून काढायची भाषा करू लागला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तो पत्राचा तुकडाच कापून टाकला. मला म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

काय गेलं होतं ते मला ठाऊक होतं. माझा भाऊ बोटीवर कामाला होता. त्याची पत्रं हेच वाचून दाखवत. तो गेल्याचं पत्र आलं, तेव्हापासून शेवटचं वर्षभर कागद एक सांगायचा आणि ह्यांचं तोंड दुसरंच. तोंडं वाचण्यात माझा जन्म गेला. पण पत्रं इतकी छान असायची की मी ऐकत राहिले. आपण बायकोला फसवलं, हे ओझं ते शेवटपर्यंत वाहत राहिले, आणि मला सगळं कळलं होतं, आवडलंही होतं, हे माझ्याकडून सांगायचं राहिलं.

म्हणून ती चार मिनिटं जागच्या जागी जोडून रविवारी दाखवावीत. जोड मुलानेच मारावा. बापाने शिकवलेलं त्यालाच येतं. न केल्यास त्याची निम्मी खोली बहिणीला, खिडकीसकट.

५. रविवारी मी मधल्या रांगेत, पडद्याकडे तोंड करून बसणार. त्याआधी मी गेलेच, तर खेळ पुढे ढकलू नये. मला ढकलावं.

सगळं ऐकून, पटवून घेऊन अंगठा उठवला.

साक्षीदार: थिएटरची जुनी तिकीटवाली, समोरचा शिंपी (सही करताना नाक ओढत होता, तरी ग्राह्य धरावी).

ठिकाण: राहती खोली, खिडकीपाशी.
दिनांक: खेळाआधीचा मंगळवार.