मागच्या दारानं पाहिलेलं घर

आई, बाबांसाठी घर बघायची वेळ माझ्यावर आली. राहतं घर आहेच, चांगलं मोठं आहे. पण इथं अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेऊन त्यांची देखभाल करणाऱ्या जागा असतात, तसल्या घराविषयी म्हणतेय. नर्सिंग होम म्हणतात त्याला. हे वाचून तू कपाळाला हात लावशील, पण आधी सगळं ऐकून घे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या जावयाला तू पाहिलंसुद्धा नाहीस. सगळ्या गल्लीतल्या मुलींची स्थळं तू पारखलीस आणि माझ्या वेळेला नेमकी नव्हतीस. बाबांनी माझं स्थळ पुढच्या दारानं, आधी निरोप पाठवून, चहा घेऊन पाहिलं. तरी बरं निघालं, हे माझं नशीब.

तुझी रीत निराळी होती. धाकट्या मावशीचं इस्लामपूरचं स्थळ बघायला तू मला बरोबर नेलं होतंस, ते मला अजून लख्ख आठवतं. जायचं ठरलं होतं रविवारी आणि आपण गेलो शनिवारी. एसटीतून उतरल्यावर तू पदर नीट केलास आणि घराला वळसा घालून थेट परसात शिरलीस. तिथं त्यांची थोरली सून भांडी घासत होती. "देवीला आले होते गं, पोरीला तहान लागलीय," तू म्हणालीस. मला मुळीच तहान नव्हती. पाणी आलं, मी ते मुकाट्यानं प्यायले, आणि तोवर तू तिच्या शेजारी बसून मेथीची जुडी निवडायला घेतलीस. बायका हाताला काम असलं की खरं बोलतात, असं तू म्हणायचीस. निघताना पडवीत त्यांचा म्हातारा बाजेवर बसला होता. तू वाकून नमस्कार केलास आणि त्याच्या हातापायांकडे नीट बघून घेतलंस.

घरी आल्यावर तू सांगून टाकलंस, "तिथं मुलगी द्यायची नाही." सगळे तुझ्यावर तुटून पडले. बारा खणी घर, दोन विहिरी, मुलगा शिकलेला, काय वाईट आहे? तू म्हणालीस, "म्हाताऱ्याची नखं बघितली का कुणी? पायाची तर वळून आत रुतायला आलीत. घरात पाच माणसं कर्ती आहेत आणि म्हाताऱ्याची नखं कापायला एकाला सवड नाही. तिथं आपली पोर आजारी पडली तर तिला तांब्याभर पाणी कोण देईल?" मावशी मग सांगलीला पडली आणि नवऱ्याच्या तापटपणाला जन्मभर कंटाळली, ते सोड. पण त्या नवऱ्याच्या वडिलांची नखं मात्र नेहमी कापलेली असत.

आता बाबांचं सांगते. ऐंशी साल उलटल्यावर मी त्यांना इकडे पिस्कॅटवेला आणलं. पहिली दोन वर्षं ते मजेत होते. नातवाला पाढे शिकवायचे, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा, दोघांचं चांगलं जमत होतं. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. वाचले, पण उजवी बाजू लुळी पडली. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं काही आलं नाही. मी आणि तुझे जावई दोघेही सकाळी आठाला घर सोडतो. दिवसा एक बाई लावून पाहिली, ती टिकली नाही. दुसरी लावली, ती टीव्हीवरच्या मालिकांत इतकी रमायची की बाबांचं जेवण गार व्हायचं. एक दिवस तीही आली नाही आणि मला कळवलंसुद्धा नाही. बाबा न्हाणीघरात पडले, ते माझा मुलगा शाळेतून येईपर्यंत तिथंच पडून होते. मी पोचले तेव्हा तो त्यांच्याजवळ फरशीवर बसलेला होता. "मॉम, ही वॉज कोल्ड," एवढंच तो म्हणाला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

तिकडून दादाचं पत्र आलं, निळं एरोग्राम, त्यात चांगली बाई बघ असं लिहिलं होतं. जणू चांगल्या बाया इथं झाडाला लागतात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात एक नागपूरकडच्या काकू भेटल्या. मी विचार बोलून दाखवला तर म्हणाल्या, "अगं, आपल्यात कुणी वडिलांना होममध्ये टाकतं का? तुझा जॉब काय एवढा इम्पॉर्टंट आहे?" त्यांचे सासरे नागपूरला एकटे राहतात, हे मला गाडीत बसल्यावर आठवलं. नेहमीचंच आहे माझं, उत्तर सुचतं ते घरी पोचल्यावर.

पहिली जागा पाहिली ती वेळ ठरवून. दारात कारंजं, आत जाड गालिचा, दिवाणखान्यात पियानो. छातीवर नावाचा बिल्ला लावलेल्या एका बाईंनी मला एक खोली दाखवली. तिच्यातल्या पलंगावर कुणी कधी झोपलं असेल असं वाटत नव्हतं. सगळीकडे लिंबाचा इतका दरवळ होता की त्याखाली कशाचा वास दडवलाय असाच प्रश्न पडावा. वरचा मजला बघू का म्हटलं, तर म्हणाल्या, आत्ता नको, लंच चाललंय. परतताना खिडकीशी चाकाच्या खुर्चीत एक आजीबाई होती. मी जवळ जाऊन हॅलो म्हटलं आणि तिचा हात हातात घेतला. तुला सांगायला नको, नखं वाढलेली होती, आत काळी रेघ. नाव मोठं लक्षण खोटं.

माझी नोकरी औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायची आहे. पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवतात की नमुना तपासणाऱ्यानं स्वतः उचलायचा, माल देणाऱ्याच्या हातून घ्यायचा नाही. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत आपण निवडायचं. हे मला तू इस्लामपूरलाच शिकवलं होतंस आणि इथं मी पियानो बघत बसले होते. म्हणून दुसऱ्या जागी न कळवता गेले. सुपरमार्केटच्या मागं विटांची साधी बैठी इमारत. गाडी लांब लावली, वळसा घातला आणि स्वयंपाकघराचं दार उघडं दिसलं तिथून आत शिरले.

देवीला आले होते, असं इथं म्हणता येत नाही. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात एक धिप्पाड बाई, तिथली मुख्य, माझ्याकडे वळून म्हणाली, "यू आर लेट." आणि केसांना लावायची जाळी आणि एप्रन माझ्या हातात कोंबला. संध्याकाळच्या कामासाठी एजन्सीकडून कुणी बाई येणार होती, ती मीच, असं तिला वाटलं. माझा रंग बघून असेल किंवा मी मागच्या दारानं आले म्हणून असेल. आई, मी जाळी लावली आणि एप्रन बांधला. हसू आवरत नव्हतं. वाटलं, तू असतीस तर माझ्याआधी तूच ओट्याशी पोचली असतीस.

जेवण साडेचारालाच असतं. इथं म्हाताऱ्यांना कोंबड्यांसारखं लवकर आटपून निजवतात. मी ताटांत चमचे मांडू लागले. "नो, नो," मुख्य बाई ओरडली, "दॅट वन्स अ लेफ्टी नाऊ." एका म्हाताऱ्याचा उजवा हात गेलाय, त्याचा चमचा डावीकडे ठेवायचा. मी तो डावीकडे ठेवला. माझ्या मनात बाबांचं घरचं ताट आलं, त्यात मी अजून चमचा उजवीकडेच ठेवत होते. शेजारच्या दोन मुली भराभर कामं उरकत गाऱ्हाणी सांगत होत्या. शनिवार-रविवारी चादरी पुरत नाहीत. कोपऱ्यातल्या खोलीची घंटा बंद पडलीय, महिना झाला, दुरुस्त होत नाही. तिथल्या माणसाला एका मुलीनं वाजवायला स्टीलचा वाडगा आणि चमचा दिलाय आणि तो आता गंमत म्हणूनही वाजवतो, नुसता वैताग. असं म्हणाल्या आणि दोघीही हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, हे मी टिपून घेतलं.

ताटं घेऊन मी जेवणघरात गेले. एकेकाच्या पुढ्यात ताट ठेवताना हात बघत गेले. सुरकुतलेले, थरथरणारे, डाग पडलेले हात. नखं कापलेली. एका आजीबाईंना कुणी गुलाबी रंगही लावून दिला होता, त्या मला दाखवत होत्या. एकदोघांची वाढलेली होती, नाही असं नाही. परत आले तर खरी एजन्सीवाली बाई दारात उभी. मुख्य बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देन हू आर यू?" मी खरं ते सांगितलं, वडिलांसाठी जागा बघायला आलेय. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "हनी, पुढच्या दारानं आली असतीस तर कॉफी मिळाली असती." आणि उरलेल्या ताटांकडे बोट दाखवलं. ती पोचवूनच मी निघाले.

त्या रात्री घरी ठरलं. एक महिना बाबांना तिथं ठेवायचं. बरं वाटलं नाही तर परत आणायचं आणि मी नोकरी सोडायची. तुझे जावई म्हणाले, "तू सांगशील ते." हे त्यांचं नेहमीचं. या वेळी मला त्याचा राग आला, कारण नाही म्हणायला तरी कुणी हवं होतं. मग बाबांना सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "तू स्वतः बघून आलीस ना?" म्हणाले. "मग झालं." तुझ्यावर त्यांचा असाच विश्वास होता. तू स्थळ बघून आलीस की ते पुढं काही विचारत नसत.

महिनाभर मी वेळी-अवेळी जात राहिले. मागचं दार आता मला ओळखतं. पाण्याचा जग भरलेला आहे का, चादर कोरडी आहे का, बाबांच्या खोलीतली घंटा वाजते का, सगळं बघितलं. घंटा वाजते. एका रविवारी चादर बदललेली नव्हती, मी भांडले, तासाभरानं बदलली. बाबांनी कुरकुर करावी म्हणून मी खोदून खोदून विचारायची. जेवण अळणी असतं म्हणाले, ते तर असणारच. पण शुक्रवारी तिथं साबुदाण्याची खीर देतात. टॅपिओका म्हणतात त्याला, थंड असते. बाबांनी पहिल्यांदा ती बघितली आणि मला विचारलं, "इथं एकादशी पाळतात की काय?" मी शेजारच्या अमेरिकन आजोबांना त्याचा अर्थ सांगितला. आता ते दोघे दर शुक्रवारी उपास करतात, म्हणजे दोन-दोन वाट्या खीर खातात.

रविवारचं एक काम मात्र मी माझ्याकडे ठेवलं होतं. झटका आल्यापासून बाबांची नखं मीच कापते. घमेल्यात कोमट पाणी, खाली वर्तमानपत्र, आणि बाबा म्हणायचे, "आली आमची न्हावीण." तिथंही मी नेलकटर घेऊनच जात होते. आज महिन्यातला शेवटचा रविवार. मुलाला बरोबर घेतलं होतं, कारण आज ठरवायचं होतं. पाणी आणलं, वर्तमानपत्र पसरलं आणि बाबांचा हात हातात घेतला. नखं कापलेली होती. हातांची, पायांची, सगळी. कडासुद्धा घासून गुळगुळीत केलेल्या.

"कुणी कापली?" मी विचारलं.

"सकाळची असते ना, ती बाई. गाणं म्हणत कापते." मग म्हणाले, "तुझ्यापेक्षा हळू कापते गं. तू घाईत असतेस."

ते अगदी सहज म्हणाले. मुलगा खिडकीशी उभा होता. "सो, इज ही स्टेइंग?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. बाबांनाही सांगितलं, ते म्हणाले, "बरं झालं. शुक्रवारी तूही ये, खीर असते."

दादाला हे कळवायला एरोग्राम घेऊन बसले आणि त्याला चार ओळींत उरकलं. बाकीचं तुला लिहिलं. हे कुठल्या पेटीत टाकणार, ओट्याच्या खणात राहील. पण तुला तरी खरं सांगते. महिनाभर मी ती जागा पारखत नव्हते. ती नापास व्हावी म्हणून जात होते. आज बाबांचं एक नख जरी वाढलेलं सापडलं असतं तर त्याच क्षणी बाबांना उचलून घरी आणलं असतं, नोकरी सोडली असती आणि त्या नागपूरच्या काकूंना ताठ मानेनं भेटले असते. जागा चांगली निघाली, आई. तुझ्या परीक्षेत ती उतरली. त्याचं मला बरं वाटायला हवं होतं, आणि तिथं बाबांपुढे बसल्याबसल्या मला रडू आलं.

बाबांना ते दिसू नये म्हणून मी खाली वाकले. त्यांचा उजवा हात, ज्याला काही कळत नाही तो, मांडीवर घेतला आणि म्हटलं, "करंगळीचं राहिलंय." राहिलं नव्हतं.