दादाला पाठवलेले पाठकोरे

९ जानेवारी १९८३, रवि., जर्सी सिटी
ब्रिटिश हेरांच्या मालिकेचा दुसरा भाग. जेवणं आवरून आम्ही दोघं सातलाच टीव्हीसमोर. इथल्या मालिकांत मोटारी उडतात, ह्यात फायली उघडतात. पिवळट ऑफिसं, कोमट चहा, ओल्या कोटातली थकलेली माणसं. वसू म्हणाली, "अगदी आपल्या कलेक्टर कचेरीसारखं आहे हो!" म्हणूनच खरं वाटतं, आणि खरं वाटतं म्हणून भीतीही वाटते. फितूर कोण, पत्ता नाही. सगळेच सभ्य. मीनलला दहाव्या वर्षी हे कुठून आवडणार! "बाबा, नथिंग हॅपन्स," म्हणून उठून गेली.

१६ जाने., रवि.
आजच्या भागात एक कारकून ऑफिसातले कागद घरी नेतो. मीही नेतोच की. आमच्याकडे कॉम्प्युटरचे छापील कागद ढिगाने टाकून देतात, एक बाजू कोरी करकरीत. पाठकोरे फेकणं माझ्याच्याने होत नाही. आईने वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून त्यांवर आम्हाला गणितं करायला लावली. दोन वर्षं पुण्याला दादाला दर महिन्याचं पत्र ह्याच कागदांवर. मागचे आकडे कसले, कधी बघितलं नाही. कंपनी रडारचे भाग करते. दादा तिकडे संरक्षण खात्यात. दोन्ही गोष्टी माहीत होत्या, पण एकत्र अशा आज पहिल्यांदाच...
वसूला सांगितलं. "चिक्कूपणाला फाशी देत नाहीत," म्हणाली आणि हसली. मला हसू येईना.

१८ जाने., मंगळ.
ऑफिसात नोटीस. छापील कागद बाहेर नेऊ नयेत. सिक्युरिटीचे मि. हॅलोरन सगळ्यांना एकेक करून बोलावणार, आडनावाच्या क्रमाने. माझं आडनाव शेवटाकडे, म्हणजे महिनाभर टांगणी. लिफ्टमध्ये भेटला. स्वेटर घातलेला, हळू बोलणारा म्हातारा. "एनी ब्रदर्स बॅक होम?" सहज विचारलं असेल. मी "वन" म्हणालो आणि दोन मजले आधीच उतरलो. चोराच्या मनात चांदणं.

२० जाने., गुरु.
दादाला पत्र टाकलं, विकतच्या कोऱ्या कागदावर. माझी सगळी पत्रं जाळून टाक, कारण विचारू नकोस. पेटीत पडल्यावर हायसं वाटलं.

२३ जाने., रवि.
कारकून पकडला गेला. कागदांमुळे नाही, शेगडीतल्या राखेमुळे. चौकशी करणारा शांतपणे विचारतो, लपवायचं काही नव्हतं तर जाळलंत कशाला? वसू टीव्ही सोडून माझ्याकडे बघायला लागली.
"तुम्ही भाऊजींना जाळायला कशाला लिहिलंत?"
हात दाखवून अवलक्षण.

६ फेब्रु., रवि.
बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. भीती वाटते तरी सोडवत नाही. निदान त्या लोकांचं शेवटी काय झालं ते कळतं तरी. ऑफिसात 'एम'पर्यंत आलेत.

१७ फेब्रु., गुरु.
दादाचं उत्तर. उभ्याउभ्याच वाचलं.
"चि. मधू, पत्रं जाळली नाहीत. मागची बाजू प्रथमच नीट पाहिली. तीस वर्षं नोकरी केली, लपवाछपवी जमणार नाही. गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवून लेखी खुलासा दिला. चौकशी होईतो घरी बसायला सांगितलं आहे. निवृत्तीला आठच महिने उरलेत, सगळं नीट होईल. तू काळजी करू नकोस."
मला म्हणतो काळजी करू नकोस. जेवण गेलं नाही.

२२ फेब्रु., मंगळ.
उद्या दहाला माझी पाळी. हॅलोरन म्हणाला, "जस्ट अ चॅट, मधू." मालिकेतही असंच बोलतात.
वसूचं एकच पालुपद, "सगळं सांगून टाका. भाऊजींनी सांगितलंच ना?" सांगितलं तर दादाचं नाव इथल्या फायलीत चढणार, माझी नोकरी जाणार ती वेगळीच. नाही सांगितलं, तर सख्खा भाऊच गप्प बसला म्हटल्यावर तिकडे त्याच्या खुलाशावर कोण विश्वास ठेवणार? घाबरलो मी, घरी बसला तो. फार लाज वाटते.
वसूने शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. उद्याचं पहिलं वाक्य इंग्रजीत तीनदा जुळवून पाहिलं. तिन्ही वेळा सुरुवात 'माय ब्रदर' अशीच होते.