माळ्यावरचे नवे बूट

अहो तन्वीचे पप्पा,

तुम्हाला पत्र मी कधी लिहिलं नाय. लग्न ठरलं तेव्हा फोन होता, लग्नानंतर तुम्ही समोर होतात. आणि माझं लिहिणं ते कितीसं, सातवीपर्यंतचं. पण आज दुपारी अंगणात जे झालं ते सांगू कोणाला? आईंनी ते बघितलंय, पण त्यांच्याजवळ विषय काढला तर त्या रडत बसतील. म्हणून तन्वीच्या वहीतलं पान फाडून बसलेय.

तुमचे बूट गेले. ते नवे.

सुरुवातीपासनं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा तन्वी दुसरीत होती, आता आठवीत हाय. शाळेची पोरं शनिवारी गडावर चाललीत. पाठीवर सॅक, डोंगर चढायचा, वरती एक रात राहायचं. मी पहिलं नायच म्हटलं. तर लेक माझ्याशी बोलेना. तुमच्यावरच गेलीय. तोंडानं भांडत नाय, ताटावरनं उठून जाते. शेवटी व्हय म्हटलं. पण मनात ठरवलं होतं, आदल्या दिवशी सरांना फोन करायचा, पोरीला ताप आलाय म्हणून. तिला उंचावर पाठवायचं माझ्याच्यानं होणार नाय. का ते तुम्हाला वेगळं सांगायला हवं?

तरी सॅक भरायला घेतली. माझ्या भावानं त्याची सॅक पेणवरनं एस्टीत पाठवलेली. मी तीन जोड कपडे घातले, स्वेटर, शाल, आईंची गोधडी, टॉर्च, चिवड्याचा डबा, तांदळाच्या भाकऱ्या. तन्वीनं ती पाठीला लावली आणि बसली मागच्या मागं. उठताच येईना.

"मम्मी, मी गडावर नांदायला चाललेय काय?"

"थंडी असते गो वरती."

"मग तूच चल. गोधडी काढते, तुला भरते."

आई खाटेवरनं हसल्या. "भर गो भर, मला जरा शांतता मिळल."

मग मी घालायचं आणि तिनं काढायचं, असं चाललं. सरांनी सांगितलंय, ज्याची सॅक त्यानंच वाहायची. शेवटी एक जोड कपडे, स्वेटर, चादर, टॉर्च, ताट-पेला आणि पाण्याच्या दोन बाटल्या राहिल्या. चादर तिनं पिशवीत घालून गाठ मारली, तशी तुम्ही शिफ्टला जाताना डब्याला मारायचात. मी बघतच राहिले. तिला कोणी शिकवली?

राहिले बूट. शाळेचे काळे चालत नाय, तळाला पकड पायजे. तेव्हा मला माळा आठवला.

तेराव्याला आईंनी तुमच्या चपला, छत्री, सगळं दान केलं. गेलेल्याच्या वहाणा घरात ठेवू नयेत म्हणाल्या. पण ते बूट मी माळ्यावर जुन्या पिंपामागं सरकवले होते. तुम्ही एकदाही न घातलेले. मग ते गेलेल्याचे कसे?

कंपनीनं नवी जोडी दिली तेव्हा तुम्ही किती खुश होतात. सहा नंबर मिळत नाय म्हणून मुद्दाम मागवलेली. तुमचे पाय बायकांसारखे बारीक म्हणून धाटावला कंपनीत सगळे चेष्टा करायचे. मी म्हटलं, घाला की आता, जुन्यांचा तळ पार गुळगुळीत झालाय. तुम्ही म्हणालात, "पावसात नवे कशाला खराब करू? दिवाळीनंतर काढीन." आपल्या आळीत सगळेच असं करतात, मला ठाव हाय. नवे माळ्यावर, जुने पायात. पण तुम्हीही? कंपनीतल्या ओल्या शिडीवर गुळगुळीत तळ घेऊन चढलात, तिथनं पडलात, आणि नवे घरात कागदात गुंडाळलेले. मला हे विचारायचंच राहिलं. कोणासाठी ठेवले होतेत?

आज कागद सोडला. बूट तसेच, काळे, चकचकीत. तन्वीनं पाय घातला आणि मला धक्काच बसला. बरोबर बसला हो. नाडी बांधून उभी राहिली तर तुम्हीच दारात उभे, असं वाटलं. आईंनी पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, बघा, हिच्यासाठीच ठेवले होते. पुढे लोखंड हाय, दगड लागला तरी बोटं वाचतील. हे पायात असतील तर जाऊ दे पोरीला, असंसुद्धा आलं मनात. ताप नाय सांगायचा.

ती अंगणात चालायला लागली. विहिरीपर्यंत गेली, वळली आणि थांबली. खाली बघते तर मागं काळा भुगा पडलेला. टाचेचा एक तुकडा निखळून बाजूला. तिनं पाय उचलला तसा अख्खा तळ सुटला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. वरचं कातडं तेवढं पायात.

पहिली ती हसली. मग माझ्याकडं बघितलं आणि वाकून नाडी सोडायला लागली.

"उंदरांनी खाल्ला काय गो?" आई म्हणाल्या.

शेजारचे नरेशभाऊजी शिफ्टवरनं येत होते, गाडी उभी करून आत आले. भुगा बोटात चुरून बघितला. म्हणाले, "वैनी, हे बूट घातले तर टिकतात. नुसते ठेवले तर आतल्या आत सडतात. वरनं कळत नाय."

मी ओट्यावर बसले. हेच बूट मी तिच्या पायात घालून गडावर पाठवणार होते. कड्याला हा तळ सुटला असता तर? आणि दुसरं, ते कोणाशी बोलता येईना. तुम्ही जे वाचवायला जुने घालून गेलात, ते असे गेले. कोणाच्याच पायात गेले नाय.

तन्वी जवळ येऊन बसली. "मम्मी, मी नाय जात," म्हणाली. मला हेच ऐकायचं होतं ना? सकाळपर्यंत हेच पायजे होतं. पण तिचं तोंड बघितलं आणि मी पायात चपला सरकवल्या. म्हटलं, "उठ, बाजारात चल."

रोह्याच्या बाजारात बूट घेतले. तळ मी अंगठ्यानं दाबून, वाकवून बघितला, दुकानदार वैतागला. तन्वी खोका बगलेत मारून निघाली. म्हणे, शनिवारी काढते, तोवर नवे राहतील.

मी भर रस्त्यात थांबवली तिला. "आत्ता घाल."

"अगं मम्मी, खराब होतील."

"होऊ देत."

घरी येईस्तोवर चिखलात भरले. उंबऱ्यापाशी ठेवलेत, सॅकच्या बाजूला.

अहो, शब्द देते. शनिवारी ती जाईल. मी सरांना खोटा फोन करणार नाय, तिला त्या नव्या बुटांसारखी जपून घरात ठेवणार नाय. माळा उद्याच झाडून रिकामा करते. भीती मला वाटणारच, ती मी माझ्याजवळ ठेवीन, तिच्या सॅकमध्ये घालणार नाय. पाण्याच्या बाटल्यांनीच सॅक जड झालीय.

तुमची,
सुषमा