बकरीवाल्या बाईचा जबाब

महाराजपूर, जबलपूर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय जगदीशदादा,

सप्रेम जय भीम. वहिनीचे गुडघे कसे आहेत? पनागर काही लांब नाही, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहून राहिले.

बातमी अशी की तुझी बहीण सिनेमात आहे! उन्हाळ्यात राइट टाउनच्या एका बंद शाळेत कोर्टाचा सेट लावला होता. विनोदी सिनेमा, बकरीचोरीचा खटला. पडद्यावर दिसत नाही ते सांगते: जज्जसाहेबांच्या मागची जाड पुस्तकं थर्माकोलची होती, अन् गर्मीपायी त्यांनी काळ्या झग्याखाली हाफपँट घातली होती. बकरीनं तर वकिलाच्या संवादांचे कागदच खाल्ले.

बकरीची मालकीण मी. मला एकच वाक्य होतं, "हुजूर, बकरी मेरी है." मग वकिलानं माझ्या बोलण्याची नक्कल करायची, सगळ्यांनी हसायचं अन् मी मान खाली घालायची.

सगळे हसले. माझी मान काही खाली जाईना. कठडा धरून मी म्हटलं, "वकील साब, पहले हँस लीजिए. मैं रुकी हूँ. फिर बोलूँगी." अन् थांबले. हळूहळू सगळे गप्प झाले. मग जज्ज झालेले नट खरोखरच इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. दिग्दर्शक सलोनीजी धावत आल्या. मला वाटलं, आता घरी पाठवतात. तर म्हणाल्या, "दीदी, यही रहेगा."

परवा थिएटरात त्या जागी लोकांनी शिट्ट्या मारल्या, दादा!

आता ते सांगते, जे नऊ वर्षं सांगितलं नाही. तुझ्या ऑफिसातल्या साहेबाला पायरीवरून ढकलल्याचा आळ तुझ्यावर होता अन् साक्षीदार मी होते. त्या खऱ्या वकिलानं असंच माझं बोलणं वेडावलं, कोर्ट हसलं, अन् मी "आठवत नाही" म्हणून खाली उतरले. तुझी नोकरी गेली. तू समजला, मी साहेबाला घाबरले. नाही रे. मला लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी मी तुला बुडवलं.

काल तुझ्या अपिलाच्या वकिलांकडे एकटी गेले. शपथपत्र करून दिलं: कोणी ढकललं नाही, साहेब स्वतःच पायरीवरून घसरले, मी डोळ्यांनी पाहिलं. कोर्ट ते मानेल की नाही, वकील सांगत नाहीत. पण बोलावलं तर मी उभी राहीन.

माफी कागदावर मागणार नाही. रविवारी सकाळच्या बसनं येते.

तुझी साक्षीदार,
शेवंता