आधी घड्याळ काढतो

गुंडाचं डोकं गाडीच्या दारात अडकलं होतं आणि नायक ते दार आपटत होता, पुन्हा पुन्हा आपटत होता, तेव्हा मी रिमोट उचलून चित्र थांबवलं, अण्णा. थांबलेल्या चित्रात काचेवर रक्त उभं होतं. शेजारी सोफ्यावर तुमची नात, माझी लेक, पाय पोटाशी घेऊन बसली होती. "का थांबवलंस? चालू दे की," ती म्हणाली. मी म्हटलं, "याच्या डोक्याला वजनच नाही. दार आपटतंय आणि मान हलत नाही." ती हसली. "अम्मा, असले सिनेमे मानेसाठी बघणारी जगात तू एकटीच असशील." ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुम्ही तिला कधी कडेवर घेतलं नाही. तिला तुम्ही माहीत आहात ते फक्त टीव्हीवरच्या जुन्या कन्नड सिनेमांतून, कुणाचा तरी मार खाताना.

तुम्ही फायटर होता. शेजारणींना आई सांगायची, "सिनेमात काम करतात." ते काम म्हणजे मार खाणं. आपल्या घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मी अजून शाळेत जात नव्हते तेव्हा मला फक्त उंबऱ्याच्या आतली भाषा येत होती. आईने मला पहिल्यांदा तुमचा सिनेमा दाखवायला नेलं. नायकाने तुमची कॉलर धरली आणि सगळं थिएटर ओरडायला लागलं, "होडी! होडी!" मी पडद्यावर होडी शोधते आहे. पाणी कुठेच नाही. दगडांची कोरडी खाण आहे. "आई, होडी कुठाय?" आईने माझं डोकं कुशीत दाबलं. "होडी नव्हे गं. मार म्हणतायत." "कुणाला?" तेवढ्यात तुम्ही खाणीच्या उतारावरून घरंगळत खाली आलात आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. तुम्ही घरी यायचात तेव्हा शर्टाला मुंग्या लागलेल्या असायच्या, कारण खोटं रक्त गोड असायचं. आई शर्ट बादलीत बुडवायची आणि मग तुमच्या पाठीवर खरं कुठे लागलंय ते बोटांनी शोधायची. पडताना श्वास सोडायचा, जीभ दातांच्या आत, खांदा आधी. हे मला तुम्ही पाढ्यांच्या आधी शिकवलंत. एकदा मी धाकट्या भावाच्या खरोखरच थोबाडीत मारली आणि वर म्हटलं, आम्ही सिनेमा सिनेमा खेळतोय. तुमचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. "मारायचं तर मार. पण मग त्याला सिनेमा म्हणू नकोस."

यंदा पाहिलेल्यातलं तुम्हाला सांगण्यासारखं थोडंच आहे. एका सिनेमात नायक लग्नघरात शिरून हातोड्याने दिसेल त्याला मारतो. गती मंद केलेली, मागे व्हायोलिन, रक्ताचे थेंब हवेत ओवल्यासारखे. मारणाऱ्याचा दंड दिसतो, मार खाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तुमच्या काळी निदान तुमचा चेहरा दिसायचा, वाकडा का होईना. आता माणसं कॉम्प्युटरवर पडतात आणि कुणाला दमही लागत नाही. एक मालिका पाहिली, तीत खुनी दर भागात एक बाई मारतो. मालिकेला बाईच्या पायांत रस आहे आणि त्याहून जास्त रस खुन्याच्या दुःखी बालपणात. बाईला बालपण नाही. मी कॉलेजात साहित्य शिकवते. सहकारी विचारतात, मॅडम, तुम्ही हे बघता कसं? मी सांगते, घरचा धंदा आहे. एकच सिनेमा आवडला, मल्याळम होता. दोन म्हातारे विहिरीवरून भांडतात. दोघांनाही धाप लागते, एक जण थांबून पाणी पितो, दुसरा वाट बघतो. मग पाणी प्यायलेला माणूस दगड उचलतो आणि एकदाच मारतो. दुसरा उठत नाही. संगीत नाही. मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

तुमची नात चार दिवस राहते म्हणून बसवनगुडीला माझ्याकडे आली होती. तिचं घर होसकोटेच्या बाजूला, नव्या उंच इमारतीत. जावई पुण्याचा, कंपनीच्या कामासाठी इकडे आलेला. बोलायला गोड. मी कानडी वळणाने "स्वल्प थांब" म्हटलं की म्हणतो, "आई, तुमचं मराठी इतकं क्यूट आहे ना." रविवारी दुपारी आम्ही एक घरगुती मालिका लावली. ती अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती, मी सोफ्यावर पडले होते. नवरा ऑफिसातून येतो, जेवण गार झालेलं, तो बायकोच्या थोबाडीत मारतो. मोठा आवाज. बाई टेबलावर आदळते, ग्लास फुटतात, दोघंही घामाघूम. मी म्हटलं, "हे जरा बरं घेतलंय. मान तरी हलली." तिने शेंगांवरची नजर काढली नाही. "चूक आहे," ती म्हणाली. "आधी घड्याळ काढतो."

"कोण?"

ती सोलत राहिली. "आणि असं काही फुटत नाही. ग्लास फुटले तर शेजारी येतील ना, अम्मा."

मी मालिका थांबवली नाही. पडद्यावर ती बाई काचा गोळा करत होती. तुमच्या धंद्यातही आधी घड्याळ काढत, अण्णा. शॉटच्या आधी नायक घड्याळ, अंगठ्या, कडं काढून मदतनिसाच्या हातात द्यायचा आणि तुमच्या खांद्याला हात लावून म्हणायचा, "सॉरी अण्णा, आधीच सांगून ठेवतो." तुम्हाला लागू नये म्हणून. तुम्ही जेवताना हे कौतुकाने सांगायचात, कोणता नायक न विसरता काढतो आणि कोणाला आठवण करून द्यावी लागते. मी इतकी वर्षं धरून चालले होते की घड्याळ काढणारा माणूस सभ्य असतो.

"केव्हापासून?" मी विचारलं. "नवं घर घेतल्यापासून." "दाखव." तिने आढेवेढे न घेता कुडता वर केला. बरगड्यांवर, कमरेच्या वर, पाठीत. काही हिरवं, काही पिवळं, एक ताजं. चेहऱ्यावर कुठे काही नाही. लोक कुठे बघतात आणि कुठे नाही, हे त्याला नीट माहीत होतं. मी म्हटलं, "तू परत जायचं नाहीस." ती म्हणाली, "संध्याकाळी तो न्यायला येणार आहे. उगाच वाढवू नकोस. होईल सरी, होईल नीट." मग शेंगांची टरफलं कागदात गुंडाळली आणि उठून बॅग भरायला लागली. कपड्यांच्या घड्या ती फार काळजीने घालत होती.

दिवेलागणीला तो आला. हातात मिठाईचा डबा. "काय आई, आज कोणता सिनेमा? मर्डर की मास मर्डर?" बॅग दाराशी तयार होती, तिनेच ठेवलेली. मी त्याच्यासाठी आत पाणी आणायला गेले, कारण घरी आलेल्याला पाणी द्यायचं असतं. पेला सापडला नाही म्हणून तांब्याच भरून आणला. "ती येणार नाही," मी म्हटलं.

"असं कोण म्हणतं?"

"मी."

तो तिच्याकडे बघून हसला. "आई, थोडं ओव्हर होतंय. तुम्ही सिनेमे स्वल्प कमी बघा." तो शब्द त्याने मुद्दाम माझ्यासारखा उच्चारला. मग तिला, अगदी हळू, म्हणाला, "चल." ती उठली. लगेच, शाळेत बाईंनी नाव घेतल्यासारखी उठली. त्याने बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि उजवा हात डाव्या मनगटाकडे नेला. पट्टा सोडवायला लागला. माझ्या घरात, माझ्यासमोर त्याने काही केलं असतं असं मला वाटत नाही. सवय असेल. उकडत असेल. ती मात्र भिंतीला टेकली आणि तिने श्वास सोडला. पडायच्या आधी सोडतात तसा. हे तिला मी शिकवलेलं नाही.

मी तांब्या त्याच्या तोंडावर मारला. पाण्याने भरलेला होता म्हणून जड बसला. आवाज फारसा झाला नाही. ओठ फाटला, पुढचा एक दात तुटून ओठाबाहेर लोंबायला लागला, त्याने दोन्ही हात तोंडावर नेले आणि तो चपलांच्या मांडणीवर बसला. मांडणी मोडली. मी पुन्हा मारलं, कानावर. तांब्याची कड वाकली. तो ओरडला, लहान मुलासारखा, अगदी उंच आवाजात. मी तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तिने मागून मला कवेत धरलं. "अम्मा, बस. बस. मी जात नाही."

तो चपलांमध्ये बसून रुमाल तोंडावर दाबत होता. त्याचे शब्द फुटके येत होते. "वेडी बाई आहे ही. केस करीन. दोघींवर करीन."

"कर," ती म्हणाली. मग पुढे होऊन तिने दार उघडलं आणि तो भिंत धरून बाहेर पडेपर्यंत उघडं धरून ठेवलं. मी फडकं आणून फरशी पुसली. पाण्यात रक्त लांबवर पसरलं होतं, ते संपेना.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकण्यासारखा पत्ता तुम्ही ठेवला नाहीत. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि मार खाण्यात ज्याची हयात गेली त्याच्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचलं नाही. एक कबूल करते. दुसरा फटका मारायची गरज नव्हती. पहिल्यानंतर तो खाली बसला होता आणि त्याला पुन्हा उठायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. दुसरा मी मारला, कारण पहिला मला आवडला होता.

सकाळी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. आधी तिने तक्रार दिली, मग मी जबाब दिला. महिला हवालदाराने मला विचारलं, किती वेळा मारलंत? मी दोनदा म्हटलं. तिने तसं लिहून घेतलं.