सरळ चालणारी गाडी

सोमवार, ४ मार्च
मुलीची रिमोटवरची गाडी डावीकडे ओढते. रविवारी खालच्या पार्किंगमध्ये शर्यत. मेहुण्याचं मत, दुकानात द्या, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणजे मला येत नाही. मिक्सर, गीझर, दाराची बेल, सगळं मी स्वतःचं स्वतः शिकलो. पुढच्या चाकांची अलाइनमेंट ती काय. बुधवारपर्यंत परफेक्ट.

मंगळवार
दोऱ्या ताणून चाकं मोजली. डाव्या चाकाचा रॉड एक आटा फिरवला. गाडी आता उजवीकडे ओढते. प्रगती आहे.

बुधवार
दोष फरशीचा. उतार आहे. सिद्ध करायला गोटी ठेवली. ती हलली नाही. गोटी सदोष.

गुरुवार, संध्याकाळी
जेवणाच्या टेबलावर ट्रायल. गाडी सरळ गेली. टेबल मात्र संपलं. पुढचा बंपर गेला, तो तसाही शोभेचाच होता. बायको म्हणाली की टेबलावर निदान जेवायला तरी जागा ठेवा. शास्त्राची कदर नाही या घरात.

शनिवार
जमलं! पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाणासारखी. एवढ्या कष्टाची अलाइनमेंट शर्यतीत हलायला नको, म्हणून पुढच्या प्रत्येक सांध्यात सुपरग्लूचा थेंब सोडला. दुकानवाल्याला सुचलं असतं? मेहुण्याने फोनवर विचारलं, "भाऊजी, वळवून बघितलीत का?" म्हटलं, आधी सरळ चालता आलं पाहिजे.

रविवार, दुपारी
सुटताना आमची गाडी सर्वांत पुढे. रेषेत तसूभर फरक नाही. पहिल्या वळणावर बाकीच्या वळल्या, आमची तत्त्वाला धरून राहिली आणि वॉचमनच्या बादलीवर आदळली. मुलगी म्हणाली, "बाबा, वळतच नाहीये." हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ग्लू उत्तम दर्जाचा निघाला. सुटेना.

दुसऱ्या फेरीला, शर्यत बघायला आलेल्या मेहुण्याने तिला आपली गाडी दिली. तीही डावीकडे ओढत होती. माझ्या नजरेतून सुटतं थोडंच. स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे झालो, तोवर मुलीने रिमोटवरचं दिशा जुळवायचं एक बारकं बटण दोनदा दाबलं. गाडी सरळ.

दुसरी आली. टाळ्या सगळ्यांत आधी मी वाजवल्या. नोंद असावी.